मणका, मंडळी आणि अण्णा

टेम्पोत कपाट आडवं घातलं, गाद्या वर बांधल्या आणि मग लक्षात आलं की पुढे ड्रायव्हरशेजारी जेमतेम दोघांची जागा आहे. खिडकीशी माझा नवरा प्रशांत, मधे मी, माझ्या मांडीवर सहा वर्षांची तन्वी आणि तन्वीच्या मांडीवर मिक्सर. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगखाली निम्मी वसाहत जमलेली. माझे वडील, अण्णा, जन्मभर बस चालवून रिटायर झालेले. ते टेम्पोवाल्यालाच झापत होते, "आधी तो आरसा सरळ कर. मागचं काय दिसतंय तुला, स्वतःचं टक्कल?" आईनं खिडकीतून डबा आत ढकलला. "पोचल्या पोचल्या खाऊन घ्या. तिकडे काय मिळतं, काय नाही."

"अगं आई, डोंबिवलीला चाललोय. दुबईला नाही."

"दुबई परवडली," अण्णा म्हणाले. "तिथे रस्ते तरी आहेत."

सगळे हसले. मीही हसले. माजिवड्याच्या पुलापर्यंत हसत होते, आणि पुलावर चढलो तशी जी रडायला लागले ती मुंब्रा बायपास संपला तरी थांबेना. शेवटी टेम्पोवाल्यानं विचारलं, "ताई, पहिल्यांदाच सासरी चाललात का?" मांडीवर एवढी मोठी पोरगी बघूनही विचारलं त्यानं.

तर वर्तकनगरकरांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. जे अजून तिथेच आहात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे उठून बदलापूर, विरार, पनवेलला गेलात त्यांच्यासाठीही. तिसऱ्या मजल्यावरचा आपला बंटी तर थेट कॅनडाला गेला आणि तिथून बर्फाचे फोटो टाकतो. मी काय टाकणार, आमच्या गल्लीतल्या गटाराचं खोदकाम? पण घर सुटलं की सुटलं, त्यात किलोमीटर कोण मोजतो. मागच्या काही वर्षांत माझ्याबद्दल तुमच्यात बरीच कुजबुज झाली, ते मला ठाऊक आहे. सुजाता ख्रिश्चन झाली. अण्णांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिला म्हणे पैसे दिले. पैसेबैसे कुणी दिले नाहीत रे बाबांनो, दिले असते तर आधी तुम्हालाच पार्टी दिली असती. बाकीचं खरं-खोटं एकदा माझ्या तोंडून ऐका.

आपल्याकडे दार लागायचं ते फक्त झोपताना. कुणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यातच कळायचं. नवरात्रात टेंभी नाक्याची रोषणाई बघायला सगळी बिल्डिंग एकत्र निघायची आणि परत येईपर्यंत दोन पोरं तरी हरवून सापडलेली असायची. आमच्या घरात देव नव्हते. रोज संध्याकाळी बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिशरण-पंचशील, संपलं. नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही. रविवारी विहारात वंदना, आणि पुढे उभं राहून म्हणणार अण्णा. त्यांचा आवाज असा की माइक बंद पडलेला कुणाच्या लक्षातही यायचा नाही. त्यांचं एक वाक्य मी आणि माझा भाऊ पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो, "माझ्या बापानं देव गोणीत भरून नदीत सोडले, म्हणून मी शाळेत गेलो." खेडजवळच्या आमच्या गावी आजोबांनी खरंच तसं केलेलं. अण्णा तेव्हा एवढेसे होते आणि गोणीचं एक टोक त्यांनी धरलेलं. हे सांगताना अजूनही त्यांची छाती फुगते, आणि का फुगू नये?

डोंबिवलीत आमची नवी इमारत पूर्वेला, एमआयडीसीच्या बाजूला. फ्लॅट छान, टाइल्स गुळगुळीत, दोन-दोन बाथरूम. पण लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहायचं. गुड मॉर्निंग ग्रुपवर, तोंडावर नाही. प्रशांत कंपनीत शिफ्टला, तन्वी शाळेत आणि मी एका झेरॉक्सच्या दुकानात डीटीपीला. लग्नपत्रिका लावायचं काम. सकाळी गणपती सेंटरला घ्यायचा, दुपारी बुद्ध, संध्याकाळी क्रॉस आणि दोन कबुतरं. सगळ्यांचे देव मी एकाच माउसनं सरकवायचे. कुणाबद्दल काही वाटायचं नाही. फॉन्ट तुटला तरच काय ते वाईट वाटायचं.

त्या खुर्चीत बसून माझी पाठ दुखायला लागली. सगळ्यांनी खुर्चीला दोष दिला. मी उशी लावली, बाम लावला, पट्टा लावला. एका हाडवैद्याकडे गेले, तर त्यानं पाठीत असा काही गुडघा रोवला की मला मेलेले आजोबा दिसले. संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत चाललेलं, आणि दुकानातल्या पोरी म्हणायच्या, "ताई, काय फिगर केलीयत! डाएट सांगा ना." मग एक दिवस दुकानाच्या पायरीवर उजवा पाय टाकला आणि तो टाकलाय हे पायाला कळलंच नाही. तोंडावर आपटले. ठाण्याला जाऊन एमआरआय काढला. मणक्याचा टीबी निघाला.

टीबी म्हणजे खोकला, एवढंच आम्हाला माहीत. तो मणका पोखरतो आणि पाय बंद पाडतो, हे कुठल्या शाळेत शिकवलं होतं? डॉक्टर म्हणाले, गोळ्या न चुकता घ्यायच्या, पाठीवर सरळ पडून राहायचं, उठायचं नाही. पायांत ताकद आली तर ठीक. नाही आली तर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतरही चालाल अशी गॅरंटी मी देणार नाही. मी त्यांना विचारलं, "म्हणजे कधीच नाही?" त्यांनी माझ्याऐवजी प्रशांतकडे बघितलं. 

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि आई डोंबिवलीत हजर. दोन बॅगा, कुकर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला बुद्धांचा फोटो. मला विचाराल तर खरं स्थलांतर मी केलंच नाही, ते अण्णांनी केलं. विहाराचं सेक्रेटरीपद, कोपऱ्यावरचा कट्टा, चहाची टपरी, सगळं एका दिवसात सोडून ज्या गावाला नावं ठेवली त्याच गावात येऊन राहिले. मला कुशीवर वळवायचं म्हणजे आख्खी एकसंध वळवायची, मणका पिळता कामा नये. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला अण्णा. बस मागे घेताना कंडक्टर ओरडतो तसे अण्णा ओरडायचे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" मला हसू यायचं. हसलं की दुखायचं, आणि दुखलं की ते रागवायचे, "हसतेस काय? गाडी गॅरेजमध्ये आहे." तन्वी शाळेतून आली की माझ्या तळव्याला गुदगुल्या करायची आणि विचारायची, "कळलं?" मी म्हणायचे, "कळलं गं, पुरे आता." कळत काहीच नव्हतं.

अण्णा मला श्वासाकडे बघायला शिकवत होते. श्वास येतोय, जातोय, नुसतं बघ. त्यांचं चूक नव्हतं, त्यांना स्वतःला त्याचा फार आधार होता. पण मी श्वासाकडे बघायला लागले की तो थांबला तर काय, असंच मनात यायचं. जगात दुःख आहे हे मला लहानपणापासून पाठ होतं. छताकडे बघत पडल्यावर मात्र वाटायचं, कुणाच्या तरी अंगावर जाऊन ओरडावं की हे माझ्याच वाट्याला का? ओरडायला कुणी नव्हतं. एकदा प्रशांतवर ओरडले. तो बिचारा शिफ्ट करून आलेला, तसाच भांडी घासायला गेला.

आणि मग एका दुपारी दार वाजलं. तळमजल्यावरच्या मार्थामावशी. मूळच्या नगरकडच्या, नवरा गेल्यापासून कंपनीतल्या कामगारांना डबे पुरवतात. हातात बोकडाच्या पायांच्या सुपाचं पातेलं. आत येऊन "सलाम" म्हणाल्या. त्यांच्यात नमस्काराला सलामच म्हणतात, हे आम्हाला कुठे माहीत? अण्णांना वाटलं, बाई आपली चेष्टा करतेय. मी चमच्या-चमच्यानं सूप प्यायले आणि मग त्यांनी विचारलं, "पोरी, प्रार्थना करू का?" नाही कशी म्हणणार, सूप पोटात गेलेलं.

मला वाटलं, आता काहीतरी जड जड सुरू होईल. पण पाणी आलं नाही की सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलतात ना, तशा त्या देवाशी बोलायला लागल्या. "प्रभू, ही काय पद्धत झाली का? एवढीशी लेक आहे हिला. हिची आई वाकून वाकून दमली. तू बघतोयस ना? मग कर की काहीतरी. आणि हिचा बाप दारात उभा राहून माझ्यावर डोळे वटारतोय, त्यालाही बरं ठेव. आमेन."

त्या गेल्यावर अण्णा म्हणाले, "सूप चांगलं होतं. बाकीचं नको." पण सूप रोज यायला लागलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही.

खरं सांगायचं तर मावशींचा देव मला नंतर आवडला, आधी त्यांचं त्याच्याशी भांडणं आवडलं. देवाला जाब विचारता येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. एका दुपारी आई डोळा लागून पडलेली, अण्णा भाजी आणायला गेलेले, तेव्हा मी हळूच म्हटलं, "मला चालायचंय. ऐकतोयस का?" काही झालं नाही. प्रकाशबिकाश काही पडला नाही. फक्त कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली, आणि उठले तेव्हा छातीवरचा दगड कुणीतरी जरा बाजूला सरकवल्यासारखं वाटलं. कुणीतरी ऐकलं असं वाटलं. हा विश्वास की नुसती घाबरगुंडी, हे मी स्वतःला शंभर वेळा विचारलं. अण्णांची मुलगी आहे, लगेच कशी मानेन?

आणि तशात पाय आणखी बिघडले. डावाही जड झाला. डॉक्टर ऑपरेशनची भाषा बोलायला लागले. त्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका. तुमचा देव बहिरा आहे."

"बरं," मावशी म्हणाल्या. "देवाला नाही आणत. सूप आणते."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून सूप पाजायच्या, वाटी धुवायच्या, निघून जायच्या. तोंडातून ब्र नाही. राग नाही, रुसवा नाही. मीच कंटाळले. शेवटी म्हटलं, "मावशी, आता बोला की काहीतरी." त्या म्हणाल्या, "कुणाशी, तुझ्याशी की त्याच्याशी?" मी म्हटलं, "त्याच्याशीच बोला. मला जमत नाहीये." मावशींनी माझा हात हातात घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचाही आवाज फुटेना. नुसत्या बसून राहिल्या. प्रार्थना अशीही असते, ते तेव्हा कळलं.

मग एक 'भाऊ' आला. मावशींच्या मंडळीतला, मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. शर्ट कडक इस्त्रीचा, आवाज त्याहून कडक. चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, विश्वास गोळ्यांवर आहे की प्रभूवर? गोळ्या सोडून तर बघा."  सोडल्या नाहीत तर विश्वास खोटा आणि सोडल्या तर पाय गेले! मी काही बोलायच्या आत मावशी उभ्या राहिल्या. "ए भाऊ, ऊठ. हिच्या गोळ्यांची वेळ मी पाळते. आधी गोळी, मग आमेन. डॉक्टरला अक्कल कुणी दिली, तुझ्या काकानं? चहा झाला ना? चल मग." आणि त्याला थेट दारापर्यंत पोचवून आल्या.

अण्णा स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. थोड्या वेळानं ते कपबशी घेऊन बाहेर आले आणि मावशींच्या हातात दिली. चहा स्वतः केलेला. अण्णांनी चहा करणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही, आईला लग्नापासून आजवर तो योग आलेला नाही. "साखर कमी आहे," ते म्हणाले. "चालेल का?" मावशी म्हणाल्या, "पळेल."

ऑपरेशन ठरायच्या आतच, एका सकाळी आई माझे पाय पुसत असताना उजवा अंगठा हलला. आईनं अशी किंकाळी फोडली की शेजारचे दार उघडून आले. हो, आपल्या डोंबिवलीतले शेजारी, दार उघडून! अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "परत हलव." हलवला. "परत." हलवला. मग ते खाली फरशीवर बसले आणि माझ्या पायाला धरून लहान पोरासारखे रडले. "गोळ्या लागू पडल्या," म्हणाले. मी म्हटलं, "हो अण्णा." गोळ्याच लागू पडल्या, मी कुठे नाही म्हणते? पण अंगठा हलला त्या क्षणी मी ज्याचे आभार मानले त्याचं नाव अण्णांसमोर घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे बसायला लागले. पाठीला कडक ब्रेस, म्हणजे सापळ्यासारखा पट्टा, लावून उभी राहिले. वॉकर धरून गॅलरीपर्यंत, मग लिफ्टपर्यंत, मग मावशींच्या दारापर्यंत. एका रविवारी मावशी आणि तन्वीच्या मधे चालत मी त्यांच्या उपासनेला गेले. एका दुकानावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी, एक पेटी. सगळं मराठीत. कुणी मला काही विचारलं नाही, पाठीमागे उशी तेवढी आणून दिली. मी जाऊ लागले. माझ्या तोंडात साक्ष, उपकारस्तुती, प्रभुभोजन असले शब्द बसायला लागले. आणि मग बाप्तिस्मा घ्यावा असं मनानं घेतलं.

अण्णांना मी स्वतः सांगितलं. लपवायला मी चोरी केली नव्हती. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "माझ्या बापानं पाण्यात सोडलं ते तू परत घरात आणतेस?"

"ते नाही हो अण्णा. हे वेगळं आहे."

"सगळ्यांना आपला देव वेगळाच वाटतो. आजारपणात माणूस कमकुवत होतं. बरी झालीस की उतरेल."

"नाही उतरलं तर?"

"तर तुझं तू बघ."

संध्याकाळी बॅग भरून ठाण्याला निघून गेले. बुद्धांचा फोटो मात्र भिंतीवरच ठेवला. आई माझ्याजवळ राहिली. आईला यातलं काय वाटतं विचारलं तर म्हणाली, "मला ते एवढं कळत नाही. तू पडून होतीस तेव्हा मी वरच्याला, खालच्याला, कुणाला म्हणून सोडलं नाही." प्रशांत म्हणाला, "तुला बरं वाटतं ना? मग माझ्या बापाचं काय जातं?" त्याच्या बापाचं काही जात नव्हतं. माझ्या बापाचं जात होतं, आणि तेच मला झोपू देत नव्हतं.

अण्णा रोज आईला फोन करायचे. आई मुद्दाम स्पीकर लावायची. "गोळी घेतली का तिनं? ब्रेस काढून बसत नाही ना?" मी मागून ओरडायचे, "घेतली म्हणावं!" पलीकडून अण्णा आईला विचारायचे, "काय म्हणते ती?" इतक्या मोठ्यानं ओरडलेलं कल्याणला ऐकू गेलं असेल, पण अण्णांना नाही. मला हसायलाही यायचं आणि रडायलाही. ज्या पायांसाठी एवढं केलं ते पाय चालायला लागले होते, आणि ज्या घरी सगळ्यात आधी चालत जायचं होतं तेच दार बंद झालेलं.

मग मी मनाशी म्हटलं, सोडून द्यावं. बापाला दुखवून मिळालेला देव काय कामाचा? मावशींना तसं बोलले. वाटलं, त्या समजावतील, ओढतील. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "घाई काय आहे? देव काय पळून चाललाय? बापाला वेळ दे. आणि तुलाही दे." म्हणून थांबले. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत थांबले, ब्रेस निघेपर्यंत थांबले. अण्णा म्हणालेले, बरी झालीस की उतरेल. मी बरी झाले. उतरलं नाही.

डॉक्टरांना विचारलं, बाप्तिस्म्यात पाण्यात बुडवतात, चालेल का? ते हसले. म्हणाले, बुडवा, पण झटका नको, एकदम मागे वाकवू नका. आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सरळ म्हणाले की तांब्यानं डोक्यावर पाणी घेऊ. मी ऐकलं नाही. इतके महिने पाठीवर पडून काढले होते, मला एकदा पाण्यातून उठून उभं राहायचं होतं. आमचा हट्टी स्वभाव कुणावर गेलाय ते तुम्हाला सांगायला नको.

आईनं आदल्या दिवशी अण्णांना फोनवर सांगितलं, "उद्या टिटवाळ्याकडे जायचंय. प्रशांतच्या मित्राची गाडी आहे, प्रशांत चालवणार."  पलीकडून आवाज आला, "त्या खड्ड्यांतून? प्रशांत?" सकाळी खाली उतरलो तर अण्णा गाडीला टेकून उभे. माझ्याकडे बघितलं नाही. प्रशांतपुढे हात केला, "चावी." बस्स, एवढंच बोलले. मग जे काही हळू चालवलं म्हणता! कल्याण येईपर्यंत सायकलवाले आम्हाला ओव्हरटेक करत होते. मागच्या सीटवर मावशींनी गाणं धरलं तर म्हणाले, "बाई, मला हॉर्न ऐकू येत नाही." मावशी गप्प झाल्या. मनातल्या मनात गात असणार.

जागा म्हणजे एक फार्महाऊस. एरवी हळदीच्या पार्ट्यांना भाड्यानं देतात. निळा स्विमिंग पूल, कडेला पिवळ्या बदकाची घसरगुंडी आणि बोर्ड, "दारू पिऊन पाण्यात उतरू नये." अण्णांनी बोर्ड वाचला, आमच्या अख्ख्या मंडळीकडे एक नजर टाकली आणि लांब झाडाखाली पूलकडे पाठ करून खुर्ची मांडली. पेपर उघडला. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. पलीकडे गाणं चाललेलं आणि मला गाता येईना.

माझ्या आधी कंपनीतला एक तरुण उतरला. पाळकांनी एक हात त्याच्या नाकावर ठेवला, एक पाठीमागे, आणि धाडकन त्याला मागे टाकून वर काढला. पाणी काठापर्यंत उडालं. आवाजानं अण्णांनी मान वळवली. मग माझं नाव घेतलं. मी दांडा धरून पायऱ्या उतरले, कमरेएवढं गार पाणी. पाळकांनी पाठीवर हात ठेवला, तोच मागून आरोळी आली.

"ए, थांबा!"

आमच्या विहारात माइकची गरज न पडणारा तोच आवाज. बघते तर अण्णा चपला टाकून, शर्ट-पॅन्टसकट, मनगटावर घड्याळ तसंच, पायऱ्या उतरतायत. काठावर आधी कुणाला काही कळेना. मग मावशींना एकदम वाटलं, बापालाही हाक आली! त्यांनी "प्रभूची स्तुती असो" म्हणून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, ढोलकीवाल्यानं जोर धरला, दोन बायका रडायला लागल्या. आमचे भोळे पाळक तर हात पसरून अण्णांना म्हणाले, "या, या. तुमचाही विश्वास..."

"मी बौद्ध आहे," अण्णा म्हणाले. "बौद्धच मरणार. तुम्हाला तिची पाठ धरता येणार नाही, मी बघितलं आत्ता. मी फक्त पाठ धरायला आलोय."

ढोलकी थांबली. पाळक बाजूला सरकून म्हणाले, "धरा."

अण्णांनी एक तळवा माझ्या मानेखाली ठेवला, एक कमरेच्या वर, जिथे मणका खाल्ला गेला होता बरोब्बर तिथे. "सैल सोड," हळूच म्हणाले. पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द उच्चारले. मी हळूहळू मागे गेले, पाणी कानांवर आलं, डोळ्यांवर आलं, सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत मला अण्णांचे दोन्ही हात कळत होते. तिथून वर आले ते थेट उभीच. कुठे कळ नाही, काही नाही. मावशी गात होत्या आणि रडत होत्या, मी नुसतीच रडत होते. पाळकांनी हात काढले, अण्णांनी काढले नाहीत.

"पायाला मुंग्या आल्या?"

इतक्या महिन्यांनी त्यांनी थेट मला विचारलेला पहिला प्रश्न.

"नाही अण्णा."

"नक्की?"

"नक्की."

"मग चल वर. गारठशील."

काठावर आई पिशवी घेऊन उभी होती. तिनं माझ्यासाठी टॉवेल काढला, माझा ड्रेस काढला. मग पिशवीच्या तळातून अण्णांचा लेंगा, सदरा आणि बनियन काढला, घडी न मोडलेला, आणि त्यांच्या ओल्या हातात दिला. अण्णा बघतच राहिले.

"हे कुणी सांगितलं तुला आणायला?"

"सांगायला कशाला पाहिजे?" आई म्हणाली. "जन्म गेला तुमच्याबरोबर. जा, बदलून या."

अण्णांचं मत बदललं का? नाही. माझंही नाही. रविवारी ते विहारात वंदना म्हणतात, मी उपासनेला जाते आणि दुपारी ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला एकत्र जेवतो. जेवताना वाद होतो, आवाज चढतात, तन्वी कानात बोटं घालते, आई वाढत राहते. टेम्पोत बसून रडले तेव्हा मला वाटलेलं, घर मागे वर्तकनगरला राहिलं. आता कुणी विचारलं घर कुठे, तर मला पत्ता आधी आठवत नाही. एक माणूस न पटलेल्या पाण्यात कपड्यांसकट उतरलेला आठवतो, आणि तो उतरणार हे सकाळी पिशवी भरतानाच ओळखून असलेली एक बाई.